काँगो रेड: स्लाइड लाल झाली, हिरवं कुठे गेलं?

प्रश्न असा आला आहे. हिस्टोपॅथॉलॉजीच्या लॅबमधल्या एका टेक्निशियनने किडनी बायॉप्सीचे 3 मायक्रॉनचे सेक्शन, म्हणजे पातळ काप, काँगो रेडने रंगवले. जार महिन्याभरापूर्वी भरलेला होता. रंग नीट चढावा म्हणून स्लाइड रात्रभर त्यातच ठेवल्या. सकाळी सगळं लालबुंद, पण पोलरायझर (प्रकाशाची एकच दिशा गाळून देणारी काच) लावल्यावर अमायलॉइडचा, म्हणजे रोगात अवयवांत साठणाऱ्या मेणचट पदार्थाचा, हिरवा रंग कुठेच नाही, नुसतं चंदेरी चमकतंय. कंट्रोलही, म्हणजे अमायलॉइड नक्की असलेली तुलनेची स्लाइडही, जेमतेम. तर बिघडलं काय? आणि जोडीला दुसरा प्रश्न: कापड रंगवण्याच्या धंद्यातले एक नातेवाईक म्हणतात की हा रंग कॅन्सरच्या भीतीने कपड्यांसाठी केव्हाच बंद झाला, मग लॅबमध्ये तो अजून कसा चालतो?

रंगाची बाटली बदलायची घाई करू नका. चुका तुमच्या प्रश्नातच लिहिलेल्या आहेत: 3 मायक्रॉन, महिनाभर जुना जार, रात्रभर. त्या चुका का आहेत हे कळायला मात्र या रंगाचा मूळ धंदा माहीत असावा लागतो. काँगो रेड हा कापसासाठी जन्मलेला रंग आहे, आणि कापसाला तो ज्या कारणाने चिकटतो, जवळजवळ त्याच कारणाने अमायलॉइडलाही चिकटतो. हे डोक्यात ठेवलं की पुढची पायरी कुणी न सांगताही सुचते.

मला हे पुस्तकातून कळलं नाही, फजितीतून कळलं. शिकत होते तेव्हा एका स्लाइडवर असा काही झळझळीत हिरवा पट्टा सापडला की मी पेनाने ठिपका करून ती सरांसमोर नेली. त्यांनी फाइन फोकस थोडा वर-खाली केला आणि हसले. माझा 'अमायलॉइड' ऊतकाच्या पातळीत नव्हताच, किंचित वर तरंगत होता. शिवाय तो मधेच पिळलेला होता, रिबिनीला पीळ पडावा तसा, दर थोड्या अंतरावर. "हे पेशंटचं नाही, तुझ्या ॲप्रनचं आहे," सर म्हणाले. कापसाचा तंतू! ॲप्रनचा म्हणा की स्लाइड पुसायच्या फडक्याचा म्हणा. काँगो रेडने तो मस्त रंगला होता आणि पोलरायझरखाली अमायलॉइडला लाजवेल इतका चमकत होता. तेव्हापासून हिरवं काही दिसलं की मी आधी फोकस हलवते, मग आनंद.

तो तंतू रंगला यात योगायोग काही नव्हता. रंगाने आपलं मूळ काम केलं होतं.

लोकर आणि रेशीम ही प्रथिनं. त्यांच्यावर विद्युतभार असलेले गट असतात, त्यामुळे आम्लधर्मी रंग त्यांना सहज धरतो. कापूस म्हणजे सेल्युलोज. त्याला असं काही धरायला नाही. म्हणून जुन्या काळी कापसावर पक्का लाल चढवायचा तर आधी रंगबंधक लागे. अलिझरिनचा प्रसिद्ध 'टर्की रेड' करताना तेल, तुरटी आणि पुन्हा तेल अशा पायऱ्या दिवसेंदिवस चालत. 1883 मध्ये जर्मनीतल्या एल्बरफेल्डला बायर कंपनीत काम करणाऱ्या पाउल बॉटिगर या रसायनज्ञाच्या हाती असा लाल रंग लागला की जो नुसत्या गरम पाण्यातून थेट कापसावर चढत होता. कंपनीला त्यात रस वाटला नाही. बॉटिगरने 1884 मध्ये स्वतःच्या नावाने पेटंट घेतलं आणि ते बर्लिनच्या आग्फा कंपनीला विकलं. आग्फाने 1885 मध्ये तो बाजारात आणला. त्याच हिवाळ्यात बर्लिनमध्ये युरोपी सत्तांची आफ्रिकेच्या वाटणीची परिषद भरली होती, वर्तमानपत्रं काँगोच्या बातम्यांनी भरलेली होती, आणि रंगाला नाव मिळालं 'काँगो रेड'. त्या नदीशी, त्या देशाशी किंवा तिथल्या कुठल्या झाडाशी त्याचा काडीचा संबंध नाही. विद्यार्थी अजूनही विचारतात की हा काँगोतून येतो का. नाही, हा जाहिरातवाल्याच्या डोक्यातून आला.

बायरला चूक कळायला वेळ लागला नाही. कार्ल ड्यूसबर्गने त्याच धर्तीवर बेन्झोपर्प्युरिन काढला, मग दोन्ही कंपन्यांनी तडजोड करून बाजार वाटून घेतला. 1889 मध्ये जर्मन न्यायालयापुढे काँगो रेडचं पेटंट आलं तेव्हा प्रश्न असा होता की पद्धत तर सगळ्यांना माहीत असलेलीच, मग यात नवीन काय? न्यायालयाने उत्पादनाच्या अनपेक्षित उपयोगाला महत्त्व देऊन पेटंट टिकवलं. पेटंट कायदा शिकणारे हा खटला अजून वाचतात. असो, आपला विषय जार आणि स्लाइड.

आता रेणूकडे बघा. मधोमध बेन्झिडीन, म्हणजे एकमेकांना जोडलेली दोन बेन्झीन कडी. दोन्ही बाजूंना एकेक ॲझो दुवा, म्हणजे दुहेरी बंधाने जोडलेले दोन नायट्रोजन. आणि दोन्ही टोकांना नॅप्थलीनचा एकेक तुकडा, त्यावर एक अमिनो गट आणि एक सल्फोनेट गट. चित्र काढलं तर लांब, सपाट, बऱ्यापैकी ताठ पट्टी दिसते. सल्फोनेटमुळे ती पाण्यात विरघळते आणि तिच्यावर ऋण भार येतो. रंगांच्या जागतिक सूचीत हिचं नाव डायरेक्ट रेड 28 आणि क्रमांक 22120. बाटलीवर नाव काहीही असो, हा क्रमांक जुळतो का ते बघून घ्यायची सवय ठेवा.

अशी लांब सपाट पट्टी सेल्युलोजच्या लांब, सरळ साखळीला समांतर आडवी पडते. एका जागी घट्ट बंध नसतो, पण पट्टीभर हायड्रोजन बंध आणि जवळिकीची क्षीण आकर्षणं मिळून ती धरून ठेवली जाते. पाण्यात कापसाच्या पृष्ठभागावरही थोडा ऋण भार असतो, रंगावरही ऋण भार, म्हणजे दोघं एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. म्हणून रंगारी पातेल्यात मीठ टाकतो. मिठातला सोडियम मधे पडून ते भांडण मिटवतो आणि रंग पाण्यातून धाग्यावर चढतो. ही मिठाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तीच लागणार आहे.

रंग म्हणून मात्र हा कच्चाच. धुतला की सुटतो, उन्हात विटतो, आणि आम्लाला तर इतका हळवा की विचारू नका. साधारण 5 च्या वर पीएच असेल तर लाल, 3 च्या खाली गेला की निळा. काँगो रेडने रंगवलेल्या सुती चिंधीवर व्हिनेगरचा थेंब टाका, तिथे निळा-काळा डाग पडतो. सोड्याच्या पाण्यात बुडवा, लाल परत. शिकवताना मी हे करून दाखवते. घामाने किंवा हवेतल्या आम्लाच्या वाफेने रंग बदलणारा सदरा कोण घालणार? सोय मोठी होती म्हणून त्याने कापडात आपला काळ गाजवला, आणि चांगले रंग आल्यावर मागे पडला. याच हळवेपणामुळे आपल्याकडे हिमॅटॉक्सिलिन (पेशींची केंद्रकं दाखवणारा निळा रंग) आधी करायचं, त्याचं ॲसिड अल्कोहोलमधलं डिफरन्सिएशन (जादा रंग काढणं) आणि ब्लूइंग (निळा पक्का करणं) पुरं करायचं आणि मगच काँगो रेडकडे जायचं. उलट केलंत आणि शेवटी ॲसिड अल्कोहोल लावलंत तर लाल गेलाच समजा.

हा कापडाचा रंग ऊतकात शिरला कसा, त्याची गंमत अशी. 1854 मध्ये रुडॉल्फ फिर्खोने रोग्यांच्या अवयवांत साठलेल्या एका मेणचट पदार्थावर आयोडीन आणि सल्फ्युरिक आम्ल टाकलं, तो निळसर-जांभळा झाला, आणि पिष्टासारखा म्हणून त्याला 'अमायलॉइड' नाव पडलं. हे पिष्ट आहे की सेल्युलोज यावर तेव्हा वाद होता. 1859 मध्ये फ्रीडराइख आणि केकुले यांनी विश्लेषण करून दाखवलं की दोन्ही नाही, हे प्रथिन आहे. नाव मात्र चुकीचंच राहिलं. मग 1922 मध्ये हान्स बेनहोल्डला दिसलं की काँगो रेड शिरेतून दिला तर अमायलॉइड असलेल्या रुग्णांच्या रक्तातून तो भराभर नाहीसा होतो आणि त्या साठ्यांत जाऊन बसतो. म्हणजे सेल्युलोज नाही म्हणून नाव खोडलेल्या पदार्थाला सेल्युलोजचाच रंग लागला! ते इंजेक्शन पुढे बरीच वर्षं रोगनिदानाला वापरलं गेलं आणि गंभीर प्रतिक्रिया, काही मृत्यूही झाल्यावर बंद पडलं. ऊतक रंगवायची पद्धत टिकली.

या योगायोगामागचं कारण बऱ्याच उशिरा कळलं. 1959 मध्ये कोहेन आणि कॅल्किन्स यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली अमायलॉइडमधले बारीक, सरळ, फांद्या नसलेले तंतू दाखवले. जाडी साधारण 10 नॅनोमीटरच्या आसपास. 1968 मध्ये ईन्स आणि ग्लेनर यांनी क्ष-किरणांनी दाखवलं की या तंतूंत प्रथिनाच्या बीटा पट्ट्या तंतूच्या लांबीला आडव्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक रचलेल्या असतात. साध्या प्रथिनांतही बीटा पट्ट्या असतात, पण इतकी लांब, इतकी नियमित रास नसते. त्या राशीच्या कडेने लांबच लांब खाचा तयार होतात आणि काँगो रेडच्या पट्ट्या त्या खाचांत तंतूला समांतर, एकामागे एक ओळीने बसतात. कापसात बसतात तशाच.

म्हणजे रंग लागणं ही अर्धीच गोष्ट. रंग ओळीत लागणं ही खरी खूण. लाल तर कोलॅजनही (ऊतकाला बांधून ठेवणारं प्रथिन) होतं, इलॅस्टिक तंतूही होतात, इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींचे कणही होतात. तिथे ऋणभारित रंग प्रथिनांच्या धनभारित गटांना जाऊन नुसता चिकटतो, शिस्त काही नसते. लाल म्हणजे रंग पोचला. हिरवा म्हणजे तो रांगेत उभा आहे. पोलरायझरखाली असं चमकणं, म्हणजे द्विअपवर्तन, 1927 मध्ये बेल्जियमच्या दिव्री आणि फ्लोर्किन यांनी नोंदवलं आणि तेव्हापासून निदान लालवर नाही, हिरव्यावर होतं.

आता तुमच्या जारकडे येऊ.

सगळीकडे बहुधा वापरली जाणारी पद्धत 1962 ची, पुख्टलर, स्वेट आणि लेव्हिन यांची. तिच्यात दोन गोष्टी मुद्दाम घातल्या आहेत, मीठ आणि अल्कली. 80 टक्के अल्कोहोलमध्ये मीठ संपृक्त होईपर्यंत घालायचं; त्याच द्रावणात काँगो रेडही संपृक्त करायचा. वापरायच्या ऐन वेळी दर 100 मिलिलिटरला 1 मिलिलिटर 1 टक्का सोडियम हायड्रॉक्साइड घालून गाळायचं. अल्कलीने प्रथिनांवरचे अमिनो गट आपला धन भार सोडतात आणि मीठ उरलेलं विद्युत आकर्षण झाकून टाकतं. कोलॅजनला रंग धरायचं कारणच उरत नाही. उरतात ते फक्त खाचेत आडवे बसणारे, हायड्रोजन बंधांनी धरलेले रेणू. रंगाऱ्याचं मीठ रंग चढवण्यासाठी असतं, आपलं मीठ नको तिथे चढू न देण्यासाठी. वस्तू एकच, कामं दोन, आणि दोन्हीमागे विद्युतभार झाकण्याचं एकच तत्त्व.

यावरून तुमच्या महिनाभर जुन्या जारचं काय झालं ते ओळखा. सोडियम हायड्रॉक्साइड घातलेलं द्रावण टिकाऊ नसतं; ते 15 मिनिटांच्या आत वापरायचं असतं. जार उघडा-मिटा करताना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने अल्कली मरते, अल्कोहोल उडतं, रंग तळाला बसतो. अल्कली गेली की कोलॅजन पुन्हा रंगायला मोकळं. वरून रात्रभर वेळ दिलात. अख्खी स्लाइड लालबुंद होणारच. स्टॉक बाटल्या महिनोन्महिने ठेवा, कोण नको म्हणतंय, पण अल्कली घातलेला रंग त्या दिवशीचा त्या दिवशी फेकायचा. आणि स्टॉकच्या तळाशी न विरघळलेलं मीठ दिसलं पाहिजे. तळ स्वच्छ दिसत असेल तर ते संपृक्त आहे यावर मी विश्वास ठेवत नाही.

क्रम साधा आहे. हिमॅटॉक्सिलिन करून ब्लू केलेली स्लाइड आधी अल्कली घातलेल्या मीठ-अल्कोहोलमध्ये 20 मिनिटं, नुसत्या, रंगाशिवाय. ही पायरी वेळ वाचवायला गाळणारे खूप भेटतात. गाळू नका, रंग येण्याआधी कोलॅजनची दारं बंद करायची असतात, ती इथेच होतात. मग गाळलेल्या काँगो रेडमध्ये 20 मिनिटं. मग थेट ॲब्सोल्यूट अल्कोहोलमध्ये तीनदा भराभर बुचकळायची, झायलीन, डीपीएक्स (काच चिकटवायचा द्रव), कव्हरस्लिप. मधे नळाखाली रेंगाळायचं नाही. चांगली झालेली स्लाइड हातात धरून बघितली तर निराशाच होते, फिकट गुलाबी, काही ठिकाणी काहीच नाही. नव्या मुलांना वाटतं स्टेन फसला. फसलेला नसतो, पार्श्वभूमी स्वच्छ असते म्हणून फिकी दिसते. लालबुंद स्लाइड बघून खूश होण्याची सवय मोडायला लागते. मलाही वेळ लागला होता.

आता जाडी. किडनीच्या बाकीच्या स्टेनसाठी 2-3 मायक्रॉन हवेत, कारण तिथे पटलं आणि पेशी एकेक करून मोजायच्या असतात. काँगो रेडला ते चालत नाही. हिरवा रंग किती उमटणार हे प्रकाशाच्या वाटेत ओळीत बसलेले किती रेणू येतात यावर ठरतं, आणि 3 मायक्रॉनमध्ये ते पुरेसे येत नाहीत. 8 ते 10 मायक्रॉन कापा. फार जाडही नको, मग हिरव्याऐवजी पिवळा-तांबडा झाक येऊ लागतो. मायक्रोटोमवर (सेक्शन कापायच्या यंत्रावर) रोज 3 मायक्रॉन कापणाऱ्या हाताला 8 चा सेक्शन ओबडधोबड वाटतो, वॉटर बाथवर सुरकुतल्यासारखा पसरतो, पण कापा. ग्लोमेरुलसच्या (किडनीतल्या बारीक गाळणीच्या) मेसँजियममध्ये, म्हणजे मधल्या भागात, किंवा एखाद्या धमनीच्या भिंतीत जेमतेम साठा असेल तर याच एका गोष्टीवर निदान हो किंवा नाही होऊन जातं.

तुमचा कंट्रोल फिका आला ही मला सगळ्यात महत्त्वाची खबर वाटते, कारण तिथे तर अमायलॉइड आहे हे नक्की माहीत होतं. कंट्रोल फिका म्हणजे पेशंटच्या स्लाइडवर काहीच बोलायचं नाही, निगेटिव्हही नाही. ते सेक्शन कधी कापलेले आहेत? बऱ्याच लॅबमध्ये कंट्रोलच्या ब्लॉकचे एकदम शंभर सेक्शन कापून डब्यात ठेवतात आणि वर्षभर पुरवतात. कापून ठेवलेल्या सेक्शनचं अमायलॉइड दिवसांगणिक रंग कमी घेतं. कंट्रोल ताजा कापा. आणि कंट्रोलमध्ये ढीगभर अमायलॉइड असलेला ब्लॉक नको, थोडंसं असलेला घ्या. ढिगाला तर बिघडलेला रंगही लागतो, मग कंट्रोल कसला?

मायक्रोस्कोपवर काय करायचं, हे टेक्निशियनचं काम नाही म्हणून कुणी शिकवत नाही, पण निम्मी भांडणं इथेच होतात. खोलीत अंधार करा, दोन मिनिटं डोळ्यांना सवय होऊ द्या, दिवा पूर्ण वाढवा. दोन्ही पोलरायझर एकमेकांना काटकोनात येईपर्यंत फिरवा. मोकळी काच काळीकुट्ट दिसली पाहिजे, राखाडी नाही. मग स्टेज फिरवून किंवा स्लाइड हाताने वळवून बघा. ओळीत असलेले तंतू 45 अंशांवर सगळ्यात जास्त उजळतात आणि पोलरायझरला समांतर आले की विझतात. रक्तवाहिनीच्या गोल भिंतीत हे सुरेख दिसतं: चार चतकोर चमकतात आणि मधून काळा क्रॉस जातो. आता एक पोलरायझर किंचित इकडे, किंचित तिकडे सरकवा. अमायलॉइडचा हिरवा बदलतो, पिवळ्याकडे किंवा निळ्याकडे जातो. कोलॅजन काही बदलत नाही, पांढरं ते पांढरं, फक्त कमीजास्त उजेड. तुमच्या डॉक्टरांना दिसलेली चंदेरी चमक ही तीच.

'सफरचंदी हिरवा' या शब्दाने फार नुकसान केलं आहे असं माझं मत आहे. शुद्ध एकटा हिरवा प्रत्यक्षात क्वचित दिसतो. बहुतेक स्लाइडवर त्याच्या शेजारी पिवळा नाहीतर निळा असतोच. कारण भौतिकशास्त्रात आहे. काँगो रेड निळ्या-हिरव्याच्या सीमेवरचा, साधारण 500 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश जोरात शोषतो, आणि शोषणाच्या पट्ट्याजवळ त्याचा अपवर्तनांक झपाट्याने बदलतो. परिणामी पट्ट्याच्या एका बाजूने निळा आणि दुसऱ्या बाजूने पिवळा प्रकाश ॲनालायझरमधून (स्लाइडच्या वरच्या पोलरायझरमधून) निसटतो, आणि दोन्ही मिळून डोळ्याला हिरवा वाटतो. मायक्रोस्कोपच्या काचांत किंचित ताण असला, पोलरायझर अंशभर सरकलेले असले की तोल बिघडतो आणि पिवळा किंवा निळा वरचढ होतो. 'हिरव्याबरोबर पिवळाही आहे' म्हणून पॉझिटिव्ह स्लाइड नाकारणारे मी बघितले आहेत. उलटही बघितलं आहे: पिक्रोसिरियस रेड या कोलॅजनच्या स्टेनच्या स्लाइडवर कोलॅजनचे बारीक तंतू हिरवे चमकतात, ते बघून कुणी अमायलॉइड म्हणून गेला. कुठल्या रंगाची स्लाइड समोर आहे हे आधी लेबलवर वाचावं.

अगदीच थोडा साठा असेल आणि शंका राहिली तर तीच स्लाइड फ्लुरोसन्सवर, टेक्सास रेड किंवा टीआरआयटीसीच्या फिल्टरखाली बघायला सांगा. काँगो रेड तिथे लाल-केशरी पेटतो आणि नजरेतून सुटलेल्या जागा सापडतात. पण फ्लुरोसन्स नुसता रंग कुठे आहे ते सांगतो, ओळ सांगत नाही. जागा तिथे शोधायची, खात्री पोलरायझरखाली करायची.

पॉझिटिव्ह आलं तरी काँगो रेड इतकंच सांगतो की अमायलॉइड आहे. कुठल्या प्रथिनाचं, हे नाही. इम्युनोग्लोब्युलिनच्या लाइट चेनचं असेल तर उपचार एक, ट्रान्सथायरेटिनचं असेल तर दुसरे, जुनाट दाहातून आलेलं एए असेल तर तिसरेच. पूर्वी पोटॅशियम परमँगनेट लावून एए ओळखायची एक युक्ती शिकवत; तिच्यावर आता कुणी विसंबत नाही. ते काम इम्युनो स्टेन आणि मास स्पेक्ट्रोमेट्री करतात.

आता तुमच्या नातेवाइकांचं म्हणणं. ते बरोबर आहे, आणि दोष त्याच रेणूच्या मध्यभागी आहे. 1895 मध्ये फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या शल्यविशारदाने फुक्सिन तयार करणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाचा कॅन्सर झाल्याचं नोंदवलं. फुक्सिन हाही लालच रंग, कापडातही आणि आपल्या लॅबमध्येही. पुढे दिसून आलं की खरे गुन्हेगार काही ॲरोमॅटिक अमाइन आहेत, आणि बेन्झिडीन त्यांतलं बदनाम नाव. काँगो रेडमध्ये ते ॲझो दुव्यांनी बांधलेलं असतं, पण आतड्यातले जिवाणू आणि यकृतातली विकरं तो दुवा तोडतात आणि बेन्झिडीन मोकळं होतं. जपानमधल्या क्योतोत किमोनो रंगवणाऱ्या कारागिरांमध्ये मूत्राशयाचा कॅन्सर जास्त आढळला, आणि संशय गेला तो ब्रशचं टोक ओठांनी ओलं करून अणकुचीदार करायच्या सवयीवर. कर्करोग संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था, आयएआरसी, बेन्झिडीनला आणि शरीरात बेन्झिडीन होणाऱ्या रंगांना माणसात कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात ठेवते. जर्मनीने 1994 मध्ये असे अमाइन सोडणाऱ्या ॲझो रंगांवर कपड्यांसाठी बंदी आणली. युरोपीय संघाच्या 2002 च्या नियमाने कातड्याला लागून राहणाऱ्या कापडात आणि चामड्यात अशा 22 अमाइनांना प्रत्येकी किलोमागे 30 मिलिग्रॅमची मर्यादा घातली.

मग लॅबमध्ये का चालतो? कापड अंगाला दिवसभर चिकटून असतं, घामाने भिजतं, लहान मूल ते चोखतंही. कारखान्यात टनांनी पूड उडते. आपण वर्षाला काही ग्रॅम वापरतो आणि तोही बंद जारमध्ये. प्रमाणात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण म्हणून बेफिकीर राहायचं नाही. धोका सगळ्यात जास्त आहे तो पूड तोलताना, कारण ती हलकी असते आणि श्वासात जाते. फ्यूम हूडमध्ये, हातमोजे आणि मास्क घालून तोला. सांडली तर झाडू नका, ओल्या कागदाने टिपा. शक्य असेल तर तयार द्रावण विकत घ्या, म्हणजे तोलायची वेळच येत नाही. गरोदर सहकाऱ्याला हे काम देऊ नका. गर्भाला अपाय होण्याचा संशयही बाटलीवरच्या इशाऱ्यात असतो. वापरलेला रंग बेसिनमध्ये ओतायचा नाही, वेगळ्या कॅनमध्ये साठवून घातक कचऱ्यात द्यायचा. पर्याय म्हणून सिरियस रेड एफ3बी आहे. त्यात बेन्झिडीन नाही, आणि ल्युएलिनने 1970 मध्ये त्याची अमायलॉइडसाठीची पद्धत दिली आहे. मी ती वापरून बघितली आहे, रंग सुंदर येतो. पण रिपोर्टवर सही करणाऱ्यांचा डोळा काँगो रेडला सरावलेला आहे आणि निकष त्याच्यावरच बसलेले आहेत, म्हणून तो अजून हटत नाही.

सूक्ष्मजीवशास्त्रवाल्यांनी तर या रंगाचं मूळ नातं अजून जपलं आहे. सेल्युलोज घातलेल्या आगर प्लेटवर जंतू वाढवायचे, मग काँगो रेड ओतून मिठाच्या पाण्याने धुवायचं. जिथे जंतूने सेल्युलोज खाल्लं तिथे रंगाला धरायला काही उरत नाही आणि वसाहतीभोवती फिकट कडं दिसतं. रंगाला सेल्युलोज कळतं, इतकंच त्यामागचं गुपित.

तर तुमच्या केसमध्ये असं करा. जार ओतून द्या, कॅनमध्ये. स्टॉक नवा करा, मीठ तळाला दिसेपर्यंत घाला, एक रात्र मुरू द्या आणि वापरताना गाळा. त्याच ब्लॉकमधून 8 मायक्रॉनचे दोन सेक्शन आणि कंट्रोलचा आज कापलेला एक, एकाच जारमध्ये, 20 आणि 20 मिनिटं, घड्याळ लावून. स्लाइड फडक्याने पुसू नका. मात्र मायक्रोटोमला हात लावण्याआधी ब्लॉकमध्ये किती ऊतक उरलंय ते बघा. किडनीची सुई बायॉप्सी म्हणजे काडीएवढा तुकडा. अमायलॉइड निघालं तर टाइपिंगलाही, म्हणजे ते कुठल्या प्रथिनाचं हे ठरवायलाही, त्यातूनच सेक्शन लागणार आहेत. उरलेलं कमी वाटलं तर कापण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि काँगो रेडचे सेक्शन कापतानाच टाइपिंगचेही कोरे सेक्शन काढून ठेवा. ब्लॉक पुन्हा पुन्हा मायक्रोटोमवर चढवून समतल करण्यातच बरंच ऊतक वाया जातं.